बोलाविलेलें वाहन आणि सूत्रधाराचा अधिकार

बुद्धिबळाच्या पटावर घोडा अडीच घरें चालतो. तो तीन घरें कां चालत नाहीं असें कोणी विचारीत नाहीं, आणि विचारलेंच तर उत्तर देणारा अधिकारी पटाशेजारीं बसलेला नसतो. उंट तिरपा, हत्ती सरळ, घोडा अडीच. हीं तिन्ही वाहनें आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नियमाच्या दाव्यानें बांधलेलीं आहेत. जुन्या देशी रीतीनें खेळणारांत तर पुष्कळ ठिकाणीं असा नियम होता कीं, प्यादें शेवटच्या ओळींत ज्या मोहऱ्याच्या घरीं पोंचेल तेंच मोहरें त्याला मिळावयाचें. घोड्याच्या घरीं पोंचलेल्या प्याद्याला घोडाच मिळे. तेथें वजीर मागण्याची सोय नव्हती.

आज ज्या खेळाविषयीं मी बोलणार आहें त्यांतहि घोडा आहे, उंट आहे, क्वचित् हत्तीहि आहे. परंतु त्यांतला घोडा शिडी चढेल कीं नाहीं, तो कोणाचें ऐकेल, आणि मुळांत बोलाविल्यावर येईल कीं नाहीं, हें ठरविणारा एक मनुष्य खेळाच्या जागीं बसलेला असतो. त्या मनुष्याचा अधिकार कोठून आला व तो कोठें थांबावयास हवा, एवढाच माझा विषय आहे. कोणास हा पोरखेळ वाटेल. माझें सारें आयुष्य पोरांतच गेलें असल्यामुळें मला तसें वाटत नाहीं. न्याय म्हणजे काय ह्याची पहिली कल्पना मुलें खेळांतच करून घेतात, आणि अन्यायाचीहि तेथेंच.

ह्या खेळाचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. आमच्या हिंगोलीकडे तो शिक्षणासाठीं पुण्यामुंबईस गेलेल्या मुलांबरोबर सुट्टींत येतो, आणि ओसरीवर चार चार तास चालतो. त्याला पट लागतोच असें नाहीं. चारपांच खेळाडू प्रत्येकीं एक पात्र घेतात; कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. पात्राची ताकद, चपळाई, बुद्धि वगैरे एका कागदावर आंकड्यांनीं मांडलेली असते. मंडळींपैकीं एकजण मात्र असें एखादें पात्र घेत नाहीं. तो सारें जग होतो. नदी, पूल, गांवचा पाटील, गुहेंतला राक्षस, पाऊस, ऊन, सगळें त्याच्या तोंडून बोलतें. इंग्रजींत त्याला 'डंजन मास्टर' म्हणतात. मी त्याला सूत्रधार म्हणणार आहें. आपल्या नाटकांतला सूत्रधार प्रस्तावना करून निघून जातो, हा खेळ संपेपर्यंत उठत नाहीं, एवढाच फरक.

खेळ चालतो तो असा. सूत्रधार म्हणतो, "कयाधूला पूर आला आहे. पलीकडे दिवे दिसताहेत. काय करतां?" एकजण म्हणतो, "मी पोहून जातो." सूत्रधार मनाशीं एक आंकडा ठरवितो, खेळाडू २० बाजूंचा फांसा टाकतो व त्यांत आपल्या पात्राचा गुण मिळवितो. बेरीज त्या आंकड्याएवढी किंवा अधिक झाली तर पार, नाहीं तर गटांगळ्या. पूर किती ओढीचा आहे हें बहुधा पुस्तकांत नसतें. तें सूत्रधार सांगतो. सोंगट्यांत फांसा पडेल तितकीं घरें चालावींच लागतात. येथें फांसा टाकावयाचा कीं नाहीं हेंहि एक मनुष्य ठरवितो, आणि म्हणून तो मनुष्य कसा आहे ह्यावर सारा खेळ उभा असतो.

असा मनुष्य खेळांत आला कोठून? तो रणांगणावरून आला. प्रशियाच्या सैन्यांतील राइस्विट्झ नांवाच्या लेफ्टनंटानें १८२४ सालीं नकाशावर खेळावयाचा एक युद्धखेळ प्रसिद्ध केला. त्यांत दोन्ही बाजूंचे सेनापति एकमेकांचें सैन्य पाहूं शकत नसत. ते आपले हुकूम चिठ्ठीवर लिहून मध्यें बसलेल्या पंचाकडे देत, आणि कोणाला काय दिसलें, कोण कोठें पोंचलें, कोणाचें किती नुकसान झालें, हें तो सांगे. ह्या पंचाला राइस्विट्झनें जें नांव दिलें त्याचा अर्थ 'विश्वासू' असा होतो. मला तें नांव फार मार्मिक वाटतें. पुढें ह्या खेळाचे नियम व कोष्टकें इतकीं वाढलीं कीं एक चकमक सोडवितांना दिवस मावळावा. तेव्हां व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा ह्या प्रशियन अधिकाऱ्यानें १८७६ सालीं असें मांडलें कीं, कोष्टकें बाजूला ठेवा. पंच अनुभवी असेल तर त्याच्या तर्कावर निर्णय सोंपवा. अमेरिकेंत टॉटन ह्या लष्करी अधिकाऱ्याचें 'स्ट्रॅटेगॉस' हें पुस्तक १८८० सालीं निघालें. त्यांतहि खेळाडूनें वाटेल तो उपाय करून पाहावा व पंचानें त्याचा निकाल द्यावा असा विचार आहे. हें पुस्तक जवळ जवळ नव्वद वर्षांनीं डेव्हिड वेस्ली नांवाच्या तरुणाच्या हातीं लागलें, आणि १९६९ सालीं त्यानें आपल्या मित्रांकडून एका काल्पनिक जर्मन गांवाचा खेळ करवून घेतला. त्या मंडळींत डेव्ह अर्नेसन होता. अर्नेसन व गॅरी गायगॅक्स ह्या दोघांनीं १९७४ सालीं विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा येथून आपल्या खेळाच्या पहिल्या १००० प्रती काढल्या. तोच हा खेळ.

म्हणजे सूत्रधाराची मुखत्यारी ही कोणा हट्टी पोरानें उपटलेली गादी नाहीं. नियम जेथें अपुरे पडतात तेथें निर्णय देण्यासाठीं, दोन्ही पक्षांनीं विश्वासानें नेमलेल्या मनुष्याची ती जागा आहे. विश्वास हा शब्द येथें लक्षांत ठेवावा.

आतां वाहनाकडे वळतों. ह्या खेळांत 'पॅलाडिन' नांवाचा एक वर्ग आहे. व्रतस्थ वीर असा त्याचा अर्थ घ्यावा. व्रताच्या बळावर त्याला ज्या सिद्धि मिळतात त्यांत मुलांना सर्वांत प्रिय म्हणजे बोलावतांच येणारें वाहन. आपल्याला ही कल्पना परकी नाहीं. वनपर्वांत गंधमादनाच्या वाटेवर द्रौपदी थकून पडते, भीम घटोत्कचाचें स्मरण करतो, आणि तो येऊन तिला उचलून घेतो. पांडवांना त्याचे राक्षस वाहून नेतात. स्मरण केलें कीं मी येईन, हें वचन घटोत्कचानें आधींच देऊन ठेवलेलें होतें, आणि व्यासांनीं तें पाळलें. कथेला अडचणीचें होतें म्हणून त्या वेळीं घटोत्कच आला नाहीं, असें त्यांनीं केलें नाहीं.

खेळाच्या जुन्या आवृत्तींत, म्हणजे १९७८ सालच्या खेळाडूंच्या पुस्तकांत, असा नियम होता कीं पॅलाडिन चौथ्या पायरीवर पोंचला कीं त्यानें युद्धाचा घोडा बोलवावा. पण असा घोडा दहा वर्षांतून एकच. मेला तर दहा वर्षें पुरीं होईपर्यंत पायीं चाला. पुढच्याच वर्षीं सूत्रधारासाठीं जें निराळें पुस्तक निघालें त्यांत ह्या नियमाला एक मुरड आहे. घोडा समोर येऊन उभा राहत नाहीं. तो कोठें आहे तें वीराला दिसतें, आणि तेथें जाऊन तो त्यानें मिळवावयाचा. घोडा रानटी असेल, कोणा दुष्टाच्या ताब्यांत असेल, तें सूत्रधारानें ठरवावें. पण त्याच परिच्छेदांत त्याला सांगून ठेवलें आहे कीं ती जागा साधारणपणें सात दिवसांच्या दौडीपलीकडे नसावी, आणि घोडा मिळणें अशक्य करूं नये. अधिकार दिला, आणि अधिकाराची वेसहि त्याच ओळींत बांधली. इतका शहाणा नियम मला त्या पुस्तकांत दुसरा आढळला नाहीं. पोराला परीक्षेस बसविणें हें मास्तरचें काम. पण पेपर नेमलेल्या अभ्यासक्रमांतूनच काढावा लागतो, तसेंच हें.

२०१४ सालच्या आवृत्तींत सगळें सोपें झालें. पांचव्या पायरीच्या पॅलाडिनला एक मंत्र घेतां येतो. दहा मिनिटें जप केला कीं ३० फुटांच्या आंत, रिकाम्या जागेंत, वाहन प्रकट होतें. तें घोडा, तट्टू, उंट, एल्क नांवाचें उत्तरेकडील मोठें हरिण, किंवा मॅस्टिफ जातीचा दांडगा कुत्रा, ह्यांपैकीं खेळाडू म्हणेल त्या रूपाचें असतें. (कुत्र्यावर कोण बसणार, असें तुम्ही विचाराल. त्या जगांत बुटक्या जातीहि आहेत.) वाहन घायाळ होऊन पडलें तर नाहींसें होतें, प्रेत उरत नाहीं, पुन्हां मंत्र म्हटला कीं तेंच वाहन धडधाकट होऊन परत येतें. हवें तेव्हां त्याला निरोपहि देतां येतो. मंत्राची शक्ति मात्र दिवसाला मोजकी. ह्या पायरीवर असा मंत्र दिवसांतून दोनदांच म्हणतां येतो. आणि ह्या सगळ्याच्या शेजारीं कंसांत एक लहानसें वाक्य आहे, त्याचा आशय असा कीं इतर जनावरांना सूत्रधार परवानगी देऊं शकेल. सारीं भांडणें त्या कंसांतून निघतात.

पहिलें भांडण हत्तीचें. प्रत्येक मराठी मुलगा हत्ती मागतो. त्याला एल्क ठाऊक नसतो, आणि शेतांत धुडगूस घालणारा रोही त्याला वीराचें वाहन वाटत नाहीं. पुस्तकांतली किंमत पाहिली तर युद्धाचा घोडा ४०० सुवर्णनाण्यांचा आणि हत्ती २०० चा. ज्यानें हा दर लावला त्यानें हत्तीचा एका दिवसाचा चारा उभ्या जन्मांत पाहिला नसावा. मुलें अर्थात् ह्या दरावर बोट ठेवतात: "हत्ती घोड्याहून स्वस्त, मग द्यायला काय हरकत?" हरकत अशी कीं पांचव्या पायरीवर हत्ती मिळाला तर बाकीचे खेळाडू मागें चालणारे मोतद्दार होतात. सूत्रधारानें येथें नाहीं म्हणावें, आणि कारण सांगून म्हणावें.

आमच्या ओसरीवरच्या मंडळींत सातवींतली एक मुलगी आहे. तिनें हत्ती मागितला नाहीं. बैल मागितला, आणि तोहि कंधारकडचा लाल कंधारी. सूत्रधार अभियांत्रिकीचा विद्यार्थी, विचार करून म्हणाला, "चालेल. युद्धाच्या घोड्याचे आंकडे घे, पण वेग ६० फुटांवरून ४० वर आण; ताकद तीच राहूं दे." मुलीला तें पटलें. मला हा निर्णय उत्तम वाटला. पुस्तकाला जें जनावर ठाऊक नव्हतें तें खेळांत आलें, कोणाचें नुकसान झालें नाहीं, आणि बैल घोड्यासारखा धांवत नाहीं ही गोष्ट कोणाही मराठवाड्यांतल्या माणसाला पटण्यासारखी आहे. कंसांतलें तें वाक्य ज्या कामासाठीं लिहिलें गेलें असेल तें हेंच.

त्याच सूत्रधारानें महिनाभरानें काय केलें तें ऐका. वीरांची तुकडी एका किल्ल्याच्या कड्यावर आली. खालीं उतरण्याची वाट एकच, आणि त्या वाटेवर सूत्रधारानें सापळा रचून ठेवलेला. मुलगी म्हणाली, "मी बैलाला येथूनच निरोप देतें. दोर लावून कडा उतरतें, आणि खालीं गेल्यावर त्याला पुन्हां बोलावतें." दोराचा फांसा तिनें नीट टाकला, ती खालीं पोंचली, दहा मिनिटें जप केल्याचें सांगितलें. सूत्रधार म्हणाला, "बैल येत नाहीं." तिनें विचारलें, "कां?" तो म्हणाला, "देवाची मर्जी."

ती कागद गुंडाळून घरांत निघून गेली. तीन आठवडे खेळ झाला नाहीं. तिच्या आईला वाटलें मुलगी हट्टी आहे. मला तसें वाटलें नाहीं. महिनाभर जो नियम धरून तिनें आपला डाव मांडला होता, तो नियम तिची युक्ति यशस्वी झाली त्याच क्षणीं मोडण्यांत आला होता. पंचानें कौल दिला नाहीं. पंच स्वतःच प्रतिपक्ष झाला.

सूत्रधाराला तेथें दुसरें कांहीं करतां आलें नसतें काय? पुष्कळ करतां आलें असतें, आणि सारें नियमाच्या आंत. वाहनाला रिकामी जागा लागते. घोड्याएवढें जनावर चौरस १० फूट जागा अडवितें. कड्याखालीं चार फुटांचीच कपार आहे असें त्यानें आधीं वर्णन केलें असतें, तर बैल येऊं शकला नसता आणि मुलीनेंहि तें मान्य केलें असतें. तिनें जागा शोधली असती. दहा मिनिटांचा जप म्हणजे दहा मिनिटें. तेवढ्या वेळांत गस्त फिरकूं शकते, आवाज ऐकूं येऊं शकतो. मंत्राची दिवसाची शक्ति तिनें खर्चली, तर संध्याकाळच्या लढाईंत ती कमी पडणारच. जागा नाहीं असें म्हणणें हा सूत्रधाराचा अधिकार आहे. मर्जी नाहीं असें म्हणणें हा नाहीं. पहिल्यांत जग बोलतें. दुसऱ्यांत रागावलेला मुलगा बोलतो. दोन्ही वेळां बैल येत नाहीं, पण पहिल्या वेळीं खेळाडू पुढची युक्ति काढतो आणि दुसऱ्या वेळीं कागद गुंडाळतो.

ह्यावर सूत्रधाराच्या बाजूनें बोलणारे म्हणतात, आणि त्यांत तथ्यहि आहे, कीं तो बिचारा आठवडाभर रात्रीं जागून किल्ले उभारतो, सापळे रचतो. प्रत्येक अडचणीवर कोणी वाहन बोलावून उडी मारूं लागला तर त्याच्या कष्टाचें काय? मीहि चाळीस वर्षें प्रश्नपत्रिका काढल्या. अवघड म्हणून मुद्दाम घातलेला प्रश्न एखादें पोर दोन ओळींत सोडवितें तेव्हां जो चडफडाट होतो तो मला माहीत आहे. पण गुण द्यावेच लागतात. पुढची प्रश्नपत्रिका निराळी काढावी.

हा खेळ करणारांनींहि अधिकाराची वांटणी नीट केली नव्हती, हें सांगितलें पाहिजे. त्याच २०१४ च्या पुस्तकांत जनावरांचा कळप बोलावण्याचा एक निराळा मंत्र होता. दुबळ्या प्रकारचीं आठ, किंवा त्याहून सबळ चार, दोन, एक, असा पर्याय खेळाडूनें निवडावयाचा. पण आठ म्हणजे कोणतीं आठ? खेळाडूला वाटे, मी आठ घोडे मागितले, आतां सगळी तुकडी दौडत जाईल. सूत्रधार म्हणे, आठ रानडुकरें आलीं. पुस्तकांत एवढेंच होतें कीं जनावरांचे आंकडे सूत्रधाराजवळ असतात. पुढें प्रकाशकांनीं अधिकृत खुलासा केला कीं पर्याय खेळाडूचा, जनावर सूत्रधाराचें. असा खुलासा मागून करावा लागणें हेंच नियमाचें वैगुण्य. येथें मी सूत्रधाराच्या बाजूचा आहें, कारण कळप बोलावणाऱ्याशीं त्या जनावरांचें कांहीं नातें नसतें. तीं तासाभराचीं सोबती. पॅलाडिनचें वाहन तसें नव्हे. तें एकच असतें, त्याला नांव असतें, आणि तें धन्याशीं मैलभर अंतरावरून मनांतल्या मनांत बोलूं शकतें.

नातें म्हणतांना आमच्या हिंगोलीचा एक जुना विषय आठवतो. येथें निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९०३ सालीं ती फौज हिंदुस्थानच्या सैन्यांत मिळून गेली. त्या फौजेचें घोडदळ शिलेदारी पद्धतीचें होतें. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणारा स्वार. त्याच्या उलट बारगीर, ज्याला घोडा सरकारी पागेंतून मिळे. शिवाजीमहाराजांच्या सैन्यांत हे दोन्ही होते, आणि महाराजांचा भर पागेवर होता. कारण उघड आहे. ज्याचा घोडा त्याची सारी मालमत्ता, तो ऐन गर्दींत घोडा घालतांना दोनदां विचार करणार. घोडा पडला तर चाकरीच गेली. मराठी फौजांतील शिलेदारांवर हा आक्षेप पुढें वारंवार घेतला गेला. उलट बारगिराला घोड्याची माया नसते, असेंहि म्हणत.

आतां पाहा. १९७८ चा पॅलाडिन हा शिलेदार होता. दहा वर्षांचा एकच घोडा, म्हणून तो त्याला जिवापलीकडे जपे. २०१४ चा पॅलाडिन बारगीर झाला. देवाच्या पागेंतून घोडा, पडला तर दुसऱ्या दिवशीं तोच पुन्हां हजर. परिणाम आमच्या ओसरीवर मीं पाहिला. एका मुलानें आपला घोडा सापळा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं पुढें सोडला, तो खड्ड्यांत पडला, आणि पोर म्हणालें, "हरकत नाहीं, उद्यां बोलावूं." नियमानें तो बरोबर होता. येथें सूत्रधारानें काय करावें? घोडा काढून घ्यावा? मुळींच नाहीं, वचन तें वचन. परंतु परत आलेला घोडा कसा पाहतो, हें सूत्रधारानें सांगावें. तो धन्याच्या मनांतलें जाणतो, त्याला एक भाषा कळते, पुस्तक त्याला साध्या जनावराहून अधिक बुद्धि देतें. असा घोडा खड्ड्याच्या कांठाशीं आला कीं थबकेल, मान वळवून पाहील. एवढें म्हटलें तरी पुरे. त्या मुलाला दुसऱ्यांदा घोडा पुढें ढकलवला नाहीं, आणि नियमाच्या एका अक्षरालाहि धक्का लागला नाहीं.

वाहनाला बुद्धि असणें ही मात्र अवघड गोष्ट आहे. नहुषानें सप्तर्षींना पालखीला जुंपलें, अगस्त्यांना लाथ मारली, आणि तो अजगर होऊन पडला. वाहन शहाणें असलें म्हणजे स्वाराची जबाबदारी वाढते. २०१४ च्या नियमांत वाहनें दोन तऱ्हेचीं. शिकविलेलें जनावर स्वाराच्या ताब्यांत चालतें, पण लढाईंत त्याला तीनच गोष्टी करतां येतात: धांवणें, शत्रूच्या कचाट्यांतून अंग काढून घेणें, घाव चुकविणें. शहाणें जनावर स्वतःच्या मतानें वागतें. तें चावेल, लाथ मारील, पण जाईल कोठें तें तेंच ठरविणार. बोलाविलेलें वाहन ह्यांपैकीं कोणतें? तें शिकविलेलेंहि आहे आणि शहाणेंहि आहे. पुस्तकांत ह्याचें साफ उत्तर नव्हतें, आणि प्रत्येक सूत्रधार आपापला निर्णय देई. कोणताहि निर्णय चालेल असें माझें मत आहे, पण तो लढाई सुरू होण्यापूर्वीं द्यावा आणि सर्वांसमक्ष द्यावा. तलवार उपसल्यावर "तुझा बैल आज स्वतंत्र आहे" म्हणणें म्हणजे परीक्षा चालूं असतां अभ्यासक्रम बदलणें.

२०२४ सालच्या नव्या आवृत्तीनें ह्यांतले बहुतेक प्रश्न मिटविले आहेत. जप दहा मिनिटांचा राहिला नाहीं. लढाईंतल्या एका पाळींत वाहन येतें. पांचव्या पायरीच्या पॅलाडिनला तो मंत्र आपोआप मिळतो, आणि दिवसांतून एकदां मंत्रशक्ति न खर्चतां म्हणतां येतो. रूप खेळाडूच्या पसंतीचें, घोड्याएवढ्या आकाराचें व बसतां येण्याजोगें कोणतेंहि जनावर. आंकडे मात्र सर्व रूपांना सारखेच. म्हणजे लाल कंधारी बैलाला आतां सूत्रधाराची परवानगी लागत नाहीं, आणि हत्ती आकारानेंच बाद झाला. स्वार पाठीवर असेपर्यंत वाहन त्याच्या ताब्यांत. स्वार बेशुद्ध पडला तरच तें आपल्या मतानें चालतें. भांडण्याला जागा उरली नाहीं. तरुण मंडळींना हें फार आवडलें आहे. मला पूर्णपणें आवडलें असें म्हणवत नाहीं. वेग कमी करून बैल देण्यांत जी दोघांची देवघेव झाली होती, तीहि त्या कंसाबरोबर गेली. आतां बैल घोड्याइतकाच धांवतो. पण "देवाची मर्जी" म्हणण्याची वाटहि बरीचशी बंद झाली, हें खरें.

आमच्या ओसरीवर अजून २०१४ चेंच पुस्तक चालतें, कारण तेंच विकत घेतलेलें आहे. तीन आठवड्यांनीं खेळ पुन्हां सुरू झाला तो सूत्रधारानें एक कागद आणला तेव्हां. त्यावर त्यानें बैलाविषयीं पांच ओळी लिहिल्या होत्या: बोलाविला कीं येईल, जागा असेल तेथेंच येईल, शिडी चढणार नाहीं, पाण्यांत पोटापर्यंत उतरेल, लढाईंत मुलीच्या हुकुमानें चालेल. खालीं त्यानें सही केली होती, आणि मुलीनेंहि केली. सहावी ओळ तिनें स्वतः घातली. पुस्तकांत ह्या वाहनाच्या चाऱ्याविषयीं कांहींच नाहीं. देवानें धाडलेलें वाहन खातें कीं नाहीं ह्यावर त्या दिवशीं अर्धा तास वाद झाला. खातें, असें ठरलें, आणि तें तिनेंच आग्रहानें ठरविलें. कडब्याच्या पेंढीचा दर किती सुवर्णनाणीं धरावा, हें मात्र अजून ठरावयाचें आहे.